एरचचा नवा अध्यक्ष : पहिले काम कोणते?

झाशीच्या ईशान्येस सुमारे सत्तर किलोमीटरवर, बेतवा नदीच्या काठी, एरच नावाचे गाव आहे. पाली वाङ्मयात दशार्ण देशातील ‘एरकच्छ’ नगराचा जो उल्लेख येतो, तो याच गावाचा असे इतिहासकार मानतात. अकबराच्या अमदानीत आग्रा सुभ्यातील एका सरकारचे हे मुख्य ठाणे होते. हिरण्यकश्यपूची राजधानी हीच आणि होळीची पहिली आग पेटली ती येथेच, अशी या पंचक्रोशीची श्रद्धा आहे. एवढा वारसा असलेल्या या गावाचा कारभार एका लहानशा नगरपंचायतीकडे आहे. उत्तर प्रदेशातील नागरी संस्थांच्या निवडणुका मे २०२३ मध्ये झाल्या. पाच वर्षांच्या मुदतीप्रमाणे २०२८ मध्ये एरचची जनता पुन्हा आपला अध्यक्ष निवडील. त्या नव्या अध्यक्षाने कोणत्या कामाला प्रथम हात घालावा, ही चर्चा निवडणुकीचा गुलाल उडाल्यावर करावयाची नसते. ती आधी झाली पाहिजे, आणि ती कोठीबंद न होता मोहल्ल्यामोहल्ल्यात झाली पाहिजे.

मराठी वाचकाला एरचचे काय, असा प्रश्न कोणी करील. झाशीशी मराठी जनतेचे नाते नेवाळकरांच्या वेळेपासूनचे आहे आणि झाशी-ग्वाल्हेर पट्ट्यात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत, हे त्याचे एक उत्तर. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. महाराष्ट्रात डिसेंबर २०२५ मध्ये २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या आणि गावोगावी थेट जनतेने निवडलेले नवे अध्यक्ष खुर्चीवर बसले. एरचच्या अध्यक्षापुढे जो प्रश्न उभा राहणार आहे, तोच या सर्वांपुढे आज उभा आहे. म्हणून एरचचे उदाहरण केवळ एरचपुरते नाही.

चार बाजूंनी चार सल्ले

अशा गावात नवा अध्यक्ष निवडून आला की त्याला सल्ला देणारे चार बाजूंनी गोळा होतात.

पहिला सल्ला तीर्थक्षेत्राचा. एरच ही होळीची जन्मभूमी. तेव्हा घाट बांधा, कमानी उभारा, महोत्सव भरवा, पर्यटक आपोआप येतील. जनतेच्या श्रद्धेचा आणि सणाचा आम्हाला आदर आहे. प्रह्लादाची कथा ही राजाच्या जुलमापुढे न वाकणाऱ्या मुलाची कथा आहे आणि श्रमिक जनतेने ती आपली मानावी यात नवल नाही. जुन्या टेकडीतील विटा, नाणी आणि शिलालेख यांचे रक्षण झालेच पाहिजे. परंतु कमान उभी राहिली म्हणजे कमानीमागच्या वस्तीतील गटार वाहते होते असे नाही. ज्या गावात पाहुण्यासाठी घाट आहे आणि रहिवाशासाठी नळ नाही, त्या गावाचा वारसा ठेकेदाराच्या खिशात जमा होतो.

दुसरा सल्ला मोठ्या प्रकल्पांचा. बुंदेलखंडाला अशा सल्ल्यांची सवय आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्र सरकारने तेरा जिल्ह्यांसाठी ७,२६६ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. २०१८ मध्ये संरक्षण-उद्योगांच्या कॉरिडॉरची घोषणा झाली. नोव्हेंबर २०२१ मध्ये झाशी केंद्रातील ४०० कोटींच्या कारखान्याची कोनशिला बसली. जुलै २०२२ मध्ये चित्रकूट ते इटावा या २९६ किलोमीटरच्या द्रुतगती मार्गाचे उद्घाटन झाले आणि काही दिवसांतच पावसाने जालौन जिल्ह्यात तो खचला. डिसेंबर २०२४ मध्ये केन-बेतवा जोडप्रकल्पाची कोनशिला बसली. त्याचा मंजूर खर्च ४४,६०५ कोटी. खुद्द एरचजवळ बेतवेवर बहुउद्देशीय धरणाचे काम राज्य सरकारने हाती घेतले आणि ते वर्षानुवर्षे रेंगाळत राहिले. यांतल्या एकाही प्रकल्पाची किल्ली नगरपंचायतीच्या अध्यक्षाच्या हाती नाही. ‘धरण होऊ द्या, मग पाणी येईल, कारखाना होऊ द्या, मग काम मिळेल’ हे वाक्य त्याच्या तोंडी घालण्यात ज्यांचा फायदा आहे, त्यांना आजच्या प्रश्नाचे उत्तर उद्यावर ढकलावयाचे असते.

तिसरा सल्ला नाली-खडंजाचा. उत्तर प्रदेशात विटांच्या फरसबंदीला खडंजा म्हणतात, आणि नाली व खडंजा हीच तेथील स्थानिक राजकारणाची नित्याची भाषा आहे. गटारे, रस्ते, दिवे ही कामे आवश्यक आहेत यात शंका नाही. परंतु ती कोणाच्या दारापासून सुरू होतात आणि कोणाच्या दारापर्यंत पोचतच नाहीत, हे पाहिले म्हणजे गावाची वर्गरचना आणि जातिरचना डोळ्यांपुढे उभी राहते. बाजारपेठेची गल्ली तिसऱ्यांदा फरसबंद होते आणि दलित वस्तीची वाट पावसाळ्यात चिखलाचीच राहते, असा अनुभव देशातील असंख्य गावांचा आहे.

चौथा सल्ला वरून येतो. आधी घरपट्टी वाढवा, वसुली सुधारा, मग निधी मागा. कर गोळा करणे हे नागरी संस्थेचे कर्तव्य आहे. पण शेतमजुराच्या मातीच्या घरावर आणि सावकाराच्या दुमजली वाड्यावर सारख्याच कठोरपणे वसुली करणे याला सुधारणा म्हणत नाहीत.

या चारही सल्ल्यांत काही ना काही तथ्य आहे. त्यांचा दोष असा की पहिले काम ठरवताना ते सर्व गावातील सर्वांत शेवटी उभ्या असलेल्या माणसाला विचारावयास विसरतात.

ना गाव, ना शहर

नगरपंचायत म्हणजे काय, हे प्रथम नीट समजून घेतले पाहिजे. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने ग्रामीण स्वरूपातून नागरी स्वरूपाकडे संक्रमण करणाऱ्या क्षेत्रासाठी नगरपंचायतीची तरतूद केली. कागदावर हे संक्रमण मोठे सुबक दिसते. प्रत्यक्षात अशा गावातील श्रमजीवी माणूस खेड्याचे हक्क गमावून बसतो आणि शहराच्या सोयी त्याच्या पदरात पडत नाहीत.

पाहा. २००५ चा राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा वर्षाला शंभर दिवसांच्या कामाची हमी देत होता. ती हमी ग्रामीण क्षेत्रापुरती होती. नगरपंचायतीच्या हद्दीत राहणाऱ्या शेतमजुराला, त्याच्या हातात तेच फावडे आणि अंगावर तेच कर्ज असूनही, ती लागू नव्हती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत जुना कायदा मोडीत काढून नवा कायदा करण्यात आला. त्याने दिवसांची संख्या १२५ केली, खर्चाचा ४० टक्के बोजा बहुतेक राज्यांवर टाकला. परंतु तोही ग्रामीण भागापुरताच राहिला. हद्दीच्या अलीकडचा मजूर तेव्हाही बाहेर होता आणि आजही बाहेर आहे.

ग्रामसभेचेही तसेच. खेड्यात निदान कायद्याने ग्रामसभा भरवावी लागते आणि मजूर तेथे उभा राहून हिशेब विचारू शकतो. शहरात त्याच्या जागी प्रभाग समिती सांगितली आहे. पण घटनेने तिची सक्ती केली ती तीन लाख व त्याहून अधिक वस्तीच्या शहरांना. एरचसारख्या गावाला ग्रामसभाही नाही आणि प्रभाग समितीही नाही. पाच वर्षांतून एकदा मत द्यावे आणि मग गप्प बसावे, एवढाच लोकशाहीचा वाटा त्याच्या नशिबी आला.

अधिकारांची कथाही याहून वेगळी नाही. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी अठरा विषय लिहिले आहेत. त्यांत पाणीपुरवठा आहे, सार्वजनिक आरोग्य आहे, गरिबी निवारण आहे. परंतु नगरपंचायतीचा अधिशासी अधिकारी राज्य सरकार नेमते, पाण्याच्या योजना बांधण्याचे काम जल निगम करते आणि बुंदेलखंडात त्या चालविण्याचे काम बव्हंशी जल संस्थानाकडे असते. जनता जाब विचारते अध्यक्षाला, आणि चावी असते लखनौला. भांडवलदार-जमीनदार वर्गांच्या सरकारांनी स्थानिक स्वराज्याचा जयघोष करीत ते असे पोकळ ठेवले आहे.

पाणी आणि काम : एकच प्रश्न

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की एरचच्या नव्या अध्यक्षाचे पहिले काम पाणी हेच असले पाहिजे, आणि ते काम गावातील हातांना रोजगार देऊन झाले पाहिजे. हे दोन वेगळे कार्यक्रम नाहीत.

नदी दाराशी असणे आणि पाणी घरात असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बेतवेचे पाणी परीछाच्या बंधाऱ्यातून १८८० च्या दशकापासून कालव्यांनी झाशी, जालौन, हमीरपूरकडे जात आले आहे. पुढे वरच्या अंगाला माताटीला धरण झाले. नदीच्या पाण्यावर कालव्याचा, औष्णिक वीज केंद्राचा आणि शहराचा हक्क आधी नोंदला गेला. काठावरच्या गावातील घागरीचा हक्क कोणी नोंदला नाही. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून पाण्याची रेल्वे गेली, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. त्याच वर्षी मे महिन्यात झाशीलाही बुंदेलखंडासाठी पाण्याची रेल्वे पोचली. जिल्हा प्रशासनाने पाहणी केली तेव्हा तिच्या वाघिणी रिकाम्या निघाल्या. केंद्र आणि राज्य यांचा त्यावर वाद रंगला. तहानेवर राजकारण कसे केले जाते, याचा तो धडाच होता.

मलनिस्सारण नसलेल्या, पण नळयोजना असलेल्या गावासाठी केंद्र सरकारचाच निकष दरडोई दररोज ७० लिटरचा आहे. नव्या अध्यक्षाने पहिल्या महिन्यात एकच गोष्ट करावी : मोहल्लावार पाहणी. कोणत्या घरी नळ आहे, कोणत्या नळाला पाणी आहे, किती वेळ आहे, उन्हाळ्यात कोणते हातपंप आटतात, पाण्यासाठी बायकांचे किती तास जातात. ही यादी हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहून नगरपंचायतीच्या भिंतीवर लावावी. ज्या वस्तीला सर्वांत कमी पाणी, तेथून काम सुरू. हा क्रम जाहीर झाला की तो बदलण्यासाठी कोण दार ठोठावतो, हे साऱ्या गावाला दिसेल.

पैसा कोठून आणावयाचा, असा प्रश्न लगेच येतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी लहान नागरी संस्थांना दिलेल्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांसाठीच राखून ठेवली होती. त्यातील किती आली आणि कशावर गेली, याचा हिशेब जनतेसमोर मांडावा. दुसरा मार्ग नदीतच आहे. बेतवेच्या पात्रातील लाल भरड वाळू, जिला तेथे मौरंग म्हणतात, ट्रकांमागून ट्रक भरून बांधकामांवर जाते. पट्टे जिल्हा प्रशासन देते, नफा पट्टेदार घेतो. खचलेला काठ, खड्डे पडलेले पात्र आणि उडालेला रस्ता एवढे काठावरच्या माणसाच्या वाट्याला येते. वाळूत काकड्या-कलिंगडे लावणारा केवट-निषाद आपली जागा गमावतो. खनिज कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने प्रत्येक खाणबाधित जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले आणि त्याच्या निधीतील किमान ६० टक्के भाग पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण अशा कामांवर खर्चण्याचे त्याच वर्षीच्या केंद्रीय योजनेने ठरविले. एरच हे खाणबाधित गाव आहे असा दावा मांडून त्या निधीतून पाण्याच्या योजनेसाठी हिस्सा मागणे, हे अध्यक्षाचे दुसऱ्या महिन्याचे काम आहे. ती भीक नव्हे. आपल्याच नदीची ती किंमत आहे.

आता कामाचा प्रश्न. मे २०२० मध्ये टाळेबंदीत मुंबई, पुणे, सुरतेहून परतणाऱ्या मजुरांची गर्दी झाशीजवळच्या रक्सा नाक्यावर तुंबली होती. महाराष्ट्राच्या रस्त्यांवरून, डोक्यावर गाठोडी आणि कडेवर मुले घेऊन चाललेली ती माणसे आपण डोळ्यांनी पाहिली. त्यांत बुंदेलखंडातील किती होती, हे त्या नाक्याने सांगितले. गावात काम नाही म्हणून जो माणूस आपल्या शहरांच्या इमारती बांधावयास येतो, त्याच्या गावात खोदावयाच्या पाण्याच्या वाहिन्या, उपसावयाच्या विहिरी, साफ करावयाची तळी वाट पाहत पडलेली आहेत. चंदेलांच्या काळापासून बुंदेलखंड तळ्यांचा प्रदेश आहे. महोब्याची मदनसागर आणि कीरतसागर ही तळी त्याची साक्ष देतात. ती तळी राजांच्या नावाने ओळखली जातात, परंतु खोदली ती मजुरांनीच.

शहरी रोजगार हमी अशक्य आहे असे जे सांगतात, त्यांनी दोन उदाहरणे पाहावीत. केरळमधील डाव्या आघाडीच्या सरकारने २०१० मध्ये अय्यंकाळींच्या नावाने शहरी रोजगार हमी योजना सुरू करून शंभर दिवसांच्या कामाचा हक्क शहरी गरिबाला दिला. आणि महाराष्ट्रात, १९७२ च्या दुष्काळात पाझर तलावांच्या मातीवर मोर्चे काढणाऱ्या श्रमिकांच्या रेट्यातून जो १९७७ चा रोजगार हमी कायदा आला, त्याच्या योजनेत ग्रामीण भागाबरोबर ‘क’ वर्ग नगरपालिकांच्या क्षेत्राचाही समावेश होता. म्हणजे लहान गावाच्या हद्दीत आले म्हणून मजुराचा हक्क मरत नाही, हे तत्त्व एकेकाळी आपल्याच राज्यात मान्य झाले होते. तेच तत्त्व उत्तर प्रदेशातील प्रत्येक नगरपंचायतीसाठी मागितले पाहिजे, आणि महाराष्ट्रातील नगरपंचायतींत ते कितपत पाळले जाते हेही विचारले पाहिजे.

कामाचा विचार करताना गावाची घाण उपसणाऱ्या सफाई कामगाराला विसरून चालणार नाही. हाताने मैला साफ करण्याची प्रथा २०१३ च्या कायद्याने पुन्हा एकदा गुन्हा ठरविली. पण ठेकेदाराकडचा सफाई कामगार किमान वेतन, हातमोजे आणि भविष्यनिर्वाह निधी यांपासून वंचितच राहतो, हे देशभराचे चित्र आहे. नगरपंचायतीच्या पहिल्या बैठकीतील पहिला ठराव सफाई कामगारांच्या वेतनाच्या तारखेचा असावा. त्यास लखनौची परवानगी लागत नाही.

ठराव आणि तळे

ठराव मात्र स्वतः चालत नाही. मुंबई कायदे मंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या जनतेला खुले करण्याचा ठराव केला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण तीन वर्षे तो ठराव दप्तरात पडून राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे तळ्यावर चालत गेली, तेव्हा कोठे त्या पाण्याला हात लागला. आणि ऑगस्ट १९२७ मध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. न्यायालयात शेवटचा निकाल लागावयास १९३७ साल उजाडले. महाडची परिषद संघटित करण्यात ज्यांचा मोठा वाटा होता ते रामचंद्र बाबाजी मोरे पुढे कम्युनिस्ट झाले, ही गोष्ट आमच्या चळवळीने कधी विसरू नये. चांगल्या नगरपालिकेचा चांगला ठराव आणि तहानलेल्या माणसाची ओंजळ, यांच्यामधले अंतर संघटित जनताच पार करते, हा महाडचा धडा आहे.

म्हणूनच नव्या अध्यक्षाच्या पहिल्या कामांत एका कामाची भर घातली पाहिजे : मोहल्ला सभा. कायदा ती सक्तीची करीत नाही. पण कायदा ती करण्यास मनाईही करीत नाही. दर तीन महिन्यांनी प्रत्येक वॉर्डात सभा भरवावी. जमाखर्च वाचून दाखवावा. कोणत्या ठेकेदाराला किती रक्कम दिली ते सांगावे. बायकांनी, मजुरांनी प्रश्न विचारावेत आणि सभासदांनी उत्तरे द्यावीत. ज्या अध्यक्षाला जनतेसमोर हिशेब वाचावयाची भीती वाटत नाही, त्याला अधिशासी अधिकाऱ्याची आणि आमदाराचीही भीती वाटणार नाही. आणि ज्याला वाटते, तो ठेकेदाराचाच अध्यक्ष ठरेल, मग त्याच्या टोपीचा रंग कोणताही असो.

पक्षाचे काम

येथे आपल्याच उणिवांकडे पाहिले पाहिजे. बुंदेलखंड ही काही कम्युनिस्ट चळवळीला परकी भूमी नाही. १९६७ मध्ये जागेश्वर यादव आणि १९८९ मध्ये रामसजीवन हे बांदा मतदारसंघातून कम्युनिस्ट उमेदवार म्हणून लोकसभेत निवडून गेले. त्यानंतरच्या दशकांत जातीच्या आणि धर्माच्या राजकारणाने त्या भूमीत मुळे धरली आणि आपली शक्ती आटली. याचे कारण केवळ विरोधकांच्या पैशात शोधणे सोयीचे आहे, पण पुरेसे नाही. जमिनीच्या आणि कर्जाच्या मोठ्या प्रश्नांवर आपण मोर्चे काढले. परंतु नळ, गटार, सफाई कामगाराचा पगार, वाळूचा पट्टा या रोजच्या प्रश्नांना आपण पुष्कळदा दुय्यम मानले. लहान गाव हे आपल्या नजरेतून सुटले. तेथे ना कामगार संघटना पोचली, ना किसान सभा पुरेशी टिकली. ती पोकळी ठेकेदारांनी आणि जातीय शक्तींनी भरली.

एरचसारख्या ठिकाणी पक्षाचा उमेदवार निवडून येईल तेव्हा येवो. तोपर्यंतही करावयाचे काम थोडे नाही. पाण्याची मोहल्लावार यादी अध्यक्षाने केली नाही तर शेतमजूर संघटनेने आणि महिला कार्यकर्त्यांनी करावी. खनिज निधीचा हिशेब माहिती अधिकाराखाली मागावा. शहरी रोजगार हमीची मागणी घेऊन झाशी जिल्ह्यातील नगरपंचायतींच्या रहिवाशांचे संयुक्त निवेदन तयार करावे. महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांनीही आपापल्या नगरपंचायतीत नव्या अध्यक्षांपुढे हीच तीन कामे याच क्रमाने ठेवावीत : शेवटच्या वस्तीचे पाणी, हद्दीतील मजुराला काम, आणि उघडा हिशेब. मुंबई-पुण्याच्या बांधकामांवर भेटणाऱ्या बुंदेलखंडी मजुराला त्याच्या गावाच्या नळाबद्दल विचारावे. त्याच्याशी बोलण्याची सुरुवात तेथून होऊ शकते.

धरण, कारखाना, घाट, महामार्ग यांवर बोलावयाचे ते पुढे बोलता येईल, आणि त्या प्रत्येकावर आपल्याला बोलावेच लागेल. परंतु अध्यक्षाच्या खुर्चीवर कोणीही बसो, पहिल्या दिवशी त्याच्यासमोर ठेवावयाचा कागद एकच आहे. त्यावर त्या वस्त्यांची नावे आहेत, ज्यांची पाळी आजवर नेहमी शेवटी आली. ती पाळी या वेळी पहिली यावी, यासाठी एरचमध्ये आणि प्रत्येक नगरपंचायतीत संघटित होणे हे पक्षाचे तातडीचे काम आहे.